गजराजाचं पान

"वीस शेळ्या, दोन वर्षं आणि करडू एकही नाही!" हिवरगडचे राजे गुणवंतराव गोठ्याच्या दारात कडाडले. "सगळ्या वांझ आहेत. उद्याच खाटकाला देऊन टाका!"

शेळ्या सांभाळणारा सिदू धनगर हात जोडून पुढे आला. त्याची मुलगी बायडी मात्र शेळ्यांकडे बघतच नव्हती. ती बघत होती गजराजाकडे.

गजराज म्हणजे राजांचा लाडका बोकड. त्याला रोज दहा शेर भिजवलेले हरभरे, वर गूळ आणि मूठभर बदाम. बसायला गालिचा. तो इतका लठ्ठ झाला होता की नुसतं उठावं की नाही हे ठरवायलाच त्याला अर्धा दिवस लागे. शेळी माजावर येऊन कितीही ओरडली, तरी हा जांभई देऊन कूस बदलायचा. शेळ्यांच्या वाट्याला यायचा तो त्याने तुडवलेला पाला. आणि तुडवलेल्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. ती उपाशी राहते.

"महाराज, शेळ्यांत खोट नाही," बायडी म्हणाली. "थोडे दिवस द्या. एकेक शेळी दोन-दोन करडं देईल."

"बायडे, गप!" सिदू कुजबुजला.

"म्हणजे चाळीस!" राजे हसले. "ठीक आहे, पोरी. आम्ही काशीला निघालोय, सात महिन्यांनी परत येऊ. तेव्हा चाळीस करडं दिसली नाहीत, तर सगळ्या शेळ्या खाटकाकडे. तुझी ती चांदीसुद्धा!"

पांढऱ्याशुभ्र चांदीला बायडीने बोटाने दूध चाटवून वाढवलं होतं. तिने चांदीच्या गळ्यात हात टाकला.

"पण शेळ्यांना जरा दाणा..." सिदू चाचरत म्हणाला.

"कोठारातून एक दाणाही जास्त निघणार नाही!" कारभारी त्रिंबकपंत पोटावरून घसरणारा शेला सावरत म्हणाले.

"आणि गजराजाच्या खुराकातला एक दाणाही कमी होता कामा नये!" राजे म्हणाले. "त्याच्यावर काठी उगारायची नाही. दावं लावून ओढायचं नाही. परका बोकड या कुरणात पाऊल टाकणार नाही. आणि पंत, रोजचा खुराक तुम्ही स्वतःच्या हाताने मापून वाढायचा!"

"आणखी काही, महाराज?" बायडीने विचारलं.

"एवढं पुरे नाही का?"

"पुरे की! पण गजराजाचं पान कुठे मांडायचं, ते राहिलं."

"मांड कुठेही!" राजे हात झटकून म्हणाले आणि पालखीत बसले. पालखी उचलताना आठही भोई कण्हले.

दुसऱ्या दिवशी पंत हरभऱ्याची पाटी गड्याच्या डोक्यावर देऊन आले, तर गोठ्यात गजराजाचं खाण्याचं घंगाळंच नाही!

"पान वर मांडलंय, पंत," बायडी म्हणाली.

"वर? कुठे वर?"

"गोठ्यामागच्या भैरोबाच्या टेकडीवर. देवळाच्या ओट्याशी."

"अगं पोरी, माझं वय बघ! माझं पोट बघ!"

"पोटच बघतेय, पंत."

पण राजाज्ञा ती राजाज्ञा. पंत धापा टाकत चढू लागले. गुळाचा वास सुटला तशा वीसही शेळ्या त्यांच्या दोन्ही बाजूंनी टणाटण उड्या मारत पुढे गेल्या. पंतांनी दहा शेर मापून ओतले आणि घाम पुसला. घाम पुसून होईपर्यंत घंगाळं लख्ख!

गजराज दोन दिवस पायथ्याशी बसून ओरडला. तिसऱ्या दिवशी भुकेने उठला. चार पावलं चढला, बाभळीच्या शेंगा खाल्ल्या आणि परतला. पुढच्या आठवड्यात अर्ध्या वाटेवर बोरीचा पाला त्याला सापडला. महिन्याभराने तर तो पंतांच्याही आधी वर पोचला!

तोवर शेळ्यांच्या फासळ्या झाकल्या होत्या. अंगावर तकाकी आली होती. एकामागून एक त्या माजावर आल्या. या वेळी गजराजाने जांभई दिली नाही.

शेळ्या गाभण राहिल्या. त्यांची पोटं जड झाली, तेव्हा बायडीने घंगाळं पायथ्याशी आणलं. त्यांना चढ नको म्हणून. गजराज मात्र वरच रमला. आणि पंत? ते सवयीने रोज वर जाऊन यायचे.

सात महिन्यांनी राजे परतले. गोठ्यात नुसत्या उड्या चालल्या होत्या! राजांनी स्वतः बोट दाखवत मोजलं. "अडतीस... चाळीस... एकेचाळीस!"

"चांदीला तीन झाली, महाराज."

राजे खूश झाले. तेवढ्यात त्यांची नजर टेकडीकडे गेली. एक सडपातळ, तुकतुकीत बोकड या खडकावरून त्या खडकावर झेपावत होता.

"परका बोकड! अट मोडलीस!"

"नावाने हाक मारून बघा, महाराज."

"गजराज?" राजांनी साशंक होऊन हाक मारली. बोकड चार उड्यांत खाली आला आणि राजांच्या शेल्याचं टोक चघळू लागला.

"हा... हा गजराज? आणि त्याच्यामागे पळत येणारा तो काटकुळा कोण?"

"मी त्रिंबकपंत, महाराज!"

"मग तुम्ही याचा खुराक तोडलात!"

"एक दाणा नाही!" पंत छातीवर हात ठेवून म्हणाले. "रोज दहा शेर. माझे गुडघे साक्षीला आहेत."

"मग ते दाणे गेले कुठे?"

बायडी म्हणाली, "महाराज, गजराजाचं पान मी रोज भरलेलं मांडलं. पंगतीला वेळेवर येणं त्याचं काम. तो उशिरा आला, तर बाकीच्यांनी किती वेळ ताटकळत बसायचं?"

राजांचं पोट हलायला लागलं. मग पागोटं. मग ते एवढ्या मोठ्याने हसले की एकेचाळीस करडं आयांच्या पोटाखाली लपली.

"वीसही शेळ्या तुझ्या! आणि ही टेकडी सिदूला इनाम! पंत, सनद लिहा. आम्ही आत्ताच शिक्का मारतो. दौत-लेखणी आणा कोणीतरी!"

"दौत-लेखणी मांडून ठेवलीय, महाराज," बायडी म्हणाली.

"कुठे?"

बायडीने हळूच बोट वर केलं.

राजांनी टेकडीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. पुन्हा खो खो हसले, पालखी परत पाठवली आणि धोतर खोचून निघाले. पुढे गजराज, मागे पंत, आणि मध्ये धापा टाकत, थांबत, हसत महाराज.