शेवंताबाईंचा कॉम्प्युटर

वडाखाली कॉम्प्युटरचं पहिलं दुकान निघालं, त्या काळातली ही गोष्ट. दुकान माकडाचं होतं. शेवंताबाई कोंबडी तिथे घरासाठी कॉम्प्युटर घ्यायला गेल्या आणि सल्ला द्यायला निम्मं रान जमलं.

"लॅपटॉपच घ्या, बाई," ससा म्हणाला. "उचलला की पळता येतं."

"पळायचंय कशाला?" हत्ती म्हणाला. "डेस्कटॉप घ्या. मोठा पडदा, भक्कम खोकं. लॅपटॉपवर मी एकदा पाय ठेवला, तर त्याची पोळी झाली."

"तो माझाच होता!" ससा किंचाळला, आणि दोघांची अशी जुंपली की गिऱ्हाईक कोण आहे, हेच सगळे विसरले.

शेवंताबाईंनी मात्र सुरू असलेल्या एकेका कॉम्प्युटरला पोट लावून पाहिलं आणि कोपऱ्यातल्या एका जुनाट डेस्कटॉपवर चोच टेकवली. "हा द्या."

"अहो, तो फार तापतो!" माकड ओशाळून म्हणालं. "पण तुमची मर्जी. उद्या घरी येऊन बसवून देतो."

"तुम्ही कशाला? बसायला मी आहे ना!" असं म्हणून शेवंताबाई खोकं ढकलत घरी गेल्या.

एकवीस दिवसांनी ससा आणि हत्ती भांडत भांडतच त्यांच्या दारात आले. "खरं सांगा बाई, कॉम्प्युटर नीट चालतो का?"

"त्याचं मला काय माहीत?" शेवंताबाई खोक्यावरून न उठताच म्हणाल्या. "सात पिल्लं मात्र चालायला लागली. आठवं अजून आतून टकटक करतंय."