एका कानाची पेटी

पेटीला कान एक, घाणे चार, आणि महाराज हट्टी! खडकवेल संस्थानच्या तेलगिरणीवर हे असं संकट येऊन बसलं होतं.

पेटी विलायतेहून आणलेली. प्रत्येक घाण्याच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी होती आणि जाळीला एक खटका. चालत्या घाण्याची जाळी कुणी उघडली, की पेटीने घंटा वाजवायची आणि इंजिन बंद करायचं, म्हणजे कुणाचा हात पट्ट्यात जायला नको. पण पेटीला तार जोडायची जागा एकच! दिवाणसाहेबांनी चारही घाण्यांच्या तारा त्या एका जागी एकत्र पिळून बसवायला लावल्या, पेटीला हार घातला आणि पेढे वाटले.

तिसऱ्या घाण्यात पेंड अडकली. मल्हारीने पेटीच्या भरवशावर जाळी उघडली. घंटा वाजली नाही, इंजिन थांबलं नाही. पट्ट्याने त्याचं उपरणं ओढून नेलं, मान तेवढी वाचली.

दिवाणसाहेबांनी लगेच चौकशी केली. "पेटी विलायती आहे, ती चुकणार नाही. म्हणजे चूक मल्हारीची. त्याला कामावरून काढा!"

मल्हारीची बायको हौसा धावत गिरणीवर आली. कडेवर धाकटं पोर होतं. महाराज भैरवराव त्या वेळी पेटी पाहायलाच आले होते.

"सरकार, माझ्या माणसाचं काय चुकलं?" हौसा म्हणाली. "पेटी बहिरी निघाली!"

"बहिरी?" महाराज गरजले. "ही पेटी आम्ही स्वतः निवडली आहे!"

"मग चार घाण्यांना चार पेट्या आणा."

"अजिबात नाही! दुसरी पेटी आणली तर पहिलीचा अपमान होईल. हिच्यावर आमचं नाव सोन्याने लिहिलंय. हिला उघडायचंही नाही. याच पेटीने, याच एका कानाने, चारही घाण्यांचं ऐकलं पाहिजे! करून दाखव, मल्हारी कामावर राहील. नाही जमलं, तर आजच गिरणीची खोली रिकामी करा!"

"सरकार, ती बाई चूल फुंकणारी," दिवाणसाहेब हसले. "तिला तारेतलं काय कळतंय?"

हौसाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने तारा जोडणाऱ्या इस्माईल मिस्त्रीला विचारलं, "मिस्त्रीभाऊ, ही पेटी ओरडते तरी कधी?"

"वहिनी, जाळी लागलेली असली की खटक्यातून वीज येत राहते. तोवर पेटी गप्प. वीज यायची थांबली की ही ओरडते."

"अगंबाई! ही तर माझ्यासारखीच की! पोरं खेळताना गलका करतात तोवर मी निवांत भाकरी थापते. पोर गप्प झालं की धावते!"

"अगं, पण पोरं चार असली तर?" महाराजांनी विचारलं. "एक गप्प झालं तरी तिघांचा गलका चालूच असेल. तुला कसं कळणार?"

"तेच तर झालं सरकार! तिसऱ्या घाण्याने हाक बंद केली, पण बाकीचे तिघे 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत राहिले. पेटी खूश! म्हणून मी पोरांना सुटं खेळू देत नाही. हातात हात धरून फेर धरायला लावते. एकाने हात सोडला, की सगळा फेर तुटतो!"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला आणि पक्कड उचलली. पिळलेल्या तारा त्याने सोडवल्या. मग एकच तार पेटीतून पहिल्या घाण्याच्या खटक्यात नेली, तिथून दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या, चौथ्याच्या, आणि चौथ्यातून परत पेटीत.

"झाला फेर!" हौसा म्हणाली.

इंजिन सुरू झालं. महाराजांनी स्वतः तिसरी जाळी उघडली. घंटा खणखणली, इंजिन थांबलं! पहिली उघडली, घंटा! चौथी उघडली, घंटा! महाराजांना खेळच सापडला. दुसरीवर तर ते लहान पोरासारखे तीनदा गेले.

दिवाणसाहेबांचा चेहरा उतरला. "पण सरकार, घंटा वाजली तरी जाळी कुठली उघडली ते पेटीला कुठं कळतंय?"

"फेर तुटला की मी आधी धावते, दिवाणसाहेब," हौसा म्हणाली. "हात कुणी सोडला ते जवळ गेल्यावर दिसतंच. का आपल्याला चार घाण्यांपर्यंत चालवत नाही?"

मजूर तोंडावर हात धरून हसले. महाराजांनी पुन्हा इंजिन सुरू करायला लावलं, तेवढ्यात दिवाणसाहेब हळूच मिस्त्रीची पक्कड घेऊन चौथ्या घाण्यामागे गेले. तार तुटली की पेटी मरेल आणि या बाईचं पितळ उघडं पडेल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी तार कापली.

घंटा अशी वाजली की छपरावरची पाखरं उडाली!

सगळे धावले. घाण्यामागे दिवाणसाहेब, हातात पक्कड.

"हात कुणी सोडला ते दिसलं, सरकार?" हौसा म्हणाली.

महाराजांनी मोठ्या कष्टाने हसू दाबलं. "दिसलं. पण मला एक सांग. आधी त्या चार तारा एकत्र पिळून जोडायची अक्कल यांना सुचली कुठून?"

"सुचायला कशाला हवी? रोज दरबारात बघतात तसंच जोडलं. कान आपला एकच, सरकार. चार परगणे बोंबलत असले, तरी एकट्या दिवाणसाहेबांनी 'ठीक आहे' म्हटलं की आपली घंटा वाजत नाही!"

गिरणी चिडीचूप झाली. हौसाच्या कडेवरचं पोरही गप्प झालं, म्हणून तिने दचकून त्याच्याकडे पाहिलं.

आणि महाराज हसले! पोट धरून, पेटीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाच्या पोराच्या मुठीत दिलं.

"मल्हारी आजपासून चारही घाण्यांचा मुकादम! आणि दिवाणजी, उद्यापासून चारही परगण्यांचे लोक दरबारात स्वतः येऊन बोलतील. ज्या दिवशी एका जरी परगण्याचं कुणी आलं नाही, त्या दिवशी आधी धावायचं ते तुम्ही!"

"पायी, सरकार?" दिवाणसाहेबांनी विचारलं.

"घोड्यावरून हात सोडलेला दिसत नाही, दिवाणजी!"