ठिपक्याचा चेहरा

“नक्कल करताना आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.”

चित्रशाळेत पाऊल ठेवलं त्याच दिवशी दाजीमास्तरांनी हा नियम सांगितला होता. कॉलेज सांभाळून इथे येणाऱ्या सुरंगी कुबलने तो चार वर्षं पाळला.

नक्कल म्हणजे वखारीच्या चित्राची. दोनशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबाने जहाजावर बसून गावचं बंदर जलरंगात उतरवलं. पांढरी वखार, तिच्यावर निशाण, मागे माड, पुढे धक्का आणि धक्क्यावर तपकिरी ठिपके. खाऱ्या हवेत कागद टिकत नाही, म्हणून दर बारा वर्षांनी नवी नक्कल वाचनालयात लावायची. मूळ चित्र कधीच कुजून गेलेलं. नकलेवरून नक्कल चालली होती.

यंदाचा मान सुरंगीचा. चित्राखाली तिचं नाव लागणार होतं.

वाचनालयाची वडीलधारी मंडळी चित्र न्यायला आली आणि जागीच थबकली.

एका ठिपक्याला चेहरा होता.

“हा कोण?” अध्यक्ष झांट्येशेटांनी विचारलं.

“हमाल. बाकीचेही हमालच आहेत.”

“ते कळतंय गो. चेहरा कुणाचा?”

“माझ्या आज्याचा. याच धक्क्यावर पोती वाहून मान वाकडी झाली त्याची.”

“दोनशे वर्षांपूर्वी तुझा आजा होता?”

मंडळी खो-खो हसली.

“त्याचा खापरपणजा होता. साहेबाला तो दिसला नाही.”

“अगो, साहेब लांब जहाजावर. तिथून चेहरे कसे दिसणार?”

“मग निशाणाच्या चुण्या कशा दिसल्या?”

हसणं थांबलं.

“कॉलेजात गेलं की शिंगं फुटतात ती अशी,” झांट्येशेट मास्तरांकडे वळले. “पुसायला सांगा हिला. नाहीतर जुनीच नक्कल राहू दे, आणि हिचं नावही नको.”

दाजीमास्तरांनी स्पंज पाण्यात बुडवला आणि तिच्यापुढे धरला.

रंग अजून ओला होता. एक हात फिरवला की पुन्हा ठिपका...

सुरंगीने मास्तरांकडे पाहिलं. चार वर्षं याच माणसाच्या पाया पडत आली होती ती!

“मी पुसणार नाही.”

तिने स्पंज हिसकावला आणि झांट्येशेटांच्या हातात कोंबला.

“तुम्हाला पुसायचाय ना? पुसा. पण त्याच्याकडे बघत पुसा.”

झांट्येशेटांनी चित्राकडे पाहिलं. स्पंजातलं पाणी त्यांच्या धोतरावर गळत राहिलं. त्यांनी तो शेजारच्याला दिला. शेजारच्याने पुढच्याला...



दाजीमास्तर चष्मा चढवून त्या चेहऱ्यावर वाकले.

मग त्यांनी सगळ्यात बारीक कुंचला उचलून तिच्या हातात दिला.

“डावा कान राहिलाय.”