नंदीच्या गळ्याची चिंच

पाहुण्यांचा पहिला प्रश्न मला पाठ आहे, म्हणून तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो. नाही, आमच्या नंदीचा घसा बसलेला नाही. त्याच्या गळ्याला ओल्या फडक्याची आणि पळसाच्या पानांची ही जाड पट्टी होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत असतेच. दुपारी तुम्हाला गोळाभातावर चिंचेचं सार वाढलं नाही, त्याचंही कारण ही पट्टीच. या दिवसांत पांढरघाटात कोणाच्या घरी आंबट शिजत नाही. चिंच नाही, अंबाडी नाही, ताकाची कढीसुद्धा नाही. माझ्यासारख्या चटोर माणसाला हे दिवस फार जड जातात, पण अजून तरी हा नेम मोडलेला नाही.

हा नंदी डोमाजी पाथरवटाने घडवला, असं सांगतात. नदीकाठचा हा पांढुरका दगड त्याने निवडला आणि त्यातून काय काढलं ते बघा. जरा हात फिरवा. गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या पोळीच्या वळ्या मोजून घ्याव्यात अशा आहेत, आणि हा डावा कान किंचित पुढे झुकलेला, कोणीतरी बोलणार आहे हे आधीच कळल्यासारखा. मी इतक्या देवळांतून फिरलो, असा कान कुठे पाहिला नाही. या कानात गावाने आपली सारी गाऱ्हाणी सांगितली आहेत.

पण चौथऱ्यावर चढवायच्या आदल्या दिवशी, शेवटचा हात फिरवताना, नंदीची मान तडकून वेगळी झाली म्हणे. तिथे डोमाजीशिवाय कोणी नव्हतं. असा सांधा तांब्याच्या खिळीने जोडायचा असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण मुहूर्त उद्यावर आलेला आणि तांबं जवळ नाही. त्याने हाताशी होती ती लोखंडाची खिळी आत बसवली, वरून चुन्याचा लेप दिला. गळ्यात घुंगरांची दगडी माळ कोरलेली होतीच, तिच्याखाली सांधा झाकून गेला. प्रतिष्ठा झाली, जेवणावळी उठल्या, डोमाजी मात्र कोणाला काही बोलला नाही.

काही पावसाळे गेले. मग माळेखालून एक तांबडी रेघ निघाली आणि हळूहळू छातीवरून ओघळत खुरापर्यंत आली. नेमका त्याच वर्षी पाऊस रुसला. गुरं मेली, झाडांना फळ धरलं नाही. घाबरलेल्या माणसाला लाल दिसलं की रक्तच आठवतं. नंदी रक्त गाळतोय, गावाचं काही खरं नाही, असं जो तो म्हणू लागला.

होळीच्या दिवशी गणोजी पाटलाने सारा गाव देवळापुढे बोलावला. तेव्हा डोमाजी पुढे आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "रक्त नाही हाय ते, पाटील. माह्या लोखंडाचा जंग हाय. नंदीचा गुन्हा नाही, गुन्हा माहा हाय."

त्याने सगळं सांगितलं. ऐकून पाटील जास्तच बिथरला. रक्त असतं तर शांती करून निभावता आलं असतं, पण हा तर भंगलेलाच बसवलेला देव! "पाडव्याले डोहात सोडून देऊ," त्याने सांगून टाकलं.

डोमाजीने नंदीच्या पायावर हात ठेवला. पाडव्यापर्यंत हा डाग काढीन, नाही निघाला तर नंदीबरोबर माझी छिन्नीही डोहात टाकीन आणि पुन्हा दगडाला हात लावणार नाही, असं तो बोलला. तो जन्मभर दुसरं काही शिकला नव्हता, तेव्हा हे किती मोठं बोलणं होतं ते समजून घ्या. वर अडचण अशी, की प्रतिष्ठा झालेल्या मूर्तीला छिन्नी लावता येत नाही. आणि आतली खिळी काढावी तर मानच हातात यायची.

त्याने वाळूने घासलं, राखेने घासलं. डाग निघायचा सोडून पसरला. मग त्याच्या बायकोने आठवण दिली, की गंजलेला तवा आपण चिंचेने उजळतो. झाडावर चिंच नव्हती, पण घराघरात मागल्या सालचे गोळे ठेवलेले होते. डोमाजी दारोदार गेला. लोक त्याच्यावर चिडलेले होते, तरीही कोणी हात आखडला नाही. कानात सांगितलेलं गाऱ्हाणं डोहात बुडावं, असं कोणाला वाटेल? मला या माणसांचं फार कौतुक वाटतं. दुष्काळात पानाला चव आणणारी तेवढीच एक वस्तू घरात होती, तीसुद्धा त्यांनी काढून दिली.

वारुळाची माती आणि चिंचेचा कोळ कालवून डोमाजीने गळ्यावर जाड लेप दिला. वाळल्यावर काढला, तर डाग पहिल्यापेक्षा लालभडक, आणि भोवती पांढरी बुरशी आल्यागत खार फुटलेला! तो कपाळाला हात लावून बसला. मग त्याच्या ध्यानात आलं. टिकावी म्हणून आपल्याकडे चिंचेत मीठ घालून गोळे करतात. गावाने भक्तीने दिलं, त्यानेच मिठानिशी गंज वाढवला होता.

आता बिनमिठाची चिंच हवी होती, आणि ती साऱ्या शिवारात एकाच ठिकाणी होती. डोमाजीची लेक बयना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला चिंचेचे डोहाळे लागले होते. परसातल्या झाडाच्या शेंड्याला त्या दुष्काळातही चुकून चार चिंचा धरल्या होत्या, त्या गाभुळल्यावर काढून आईने शिंक्यात तिच्यासाठी जपल्या होत्या, रोज एखादं बोटूक द्यायला. डोमाजी त्या शिंक्याखालून येजा करायचा, पण मान वर करायचा नाही, असं सांगतात.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बयना स्वतःच शिंकं उतरवून देवळात आली. मागून आई ओरडत होती, "डोहाळे मारू नको व माय, लेकराची लाळ गळते!"

बयना बापाला म्हणाली, "बाबा, तुमी मागणार नाही, मले मालूम हाय. म्हणून मीच आणली. उद्या माह्या लेकरानं पुसलं, आज्यानं काय घडवलं, त मी काय डोहाकडे बोट दाखवू?"

तिने देवळाच्या पायरीवर बसून एकेक चिंच स्वतः सोलली, कोळली. तोंडाला पाणी सुटत होतं, पण बोटसुद्धा चाटलं नाही. मातीत कालवून या कोळाचा पहिला लेप तिनेच लावला. ओलं फडकं, वर पळसाची पानं. पाडव्याला सूर्य वर आल्यावर सारा गाव देवळापुढे जमला. डोमाजीने पानं काढली, माती सोलली. सगळी तांबडाई मातीत उतरली होती आणि दगड असा पांढरा निघाला, जसा तो नदीकाठावरून आला होता. गणोजी पाटलाने पागोटं काढून नंदीपुढे ठेवलं, आणि डोमाजीला पोटाशी धरलं.

लोखंड अजून आतच आहे, म्हणून दर पावसाळ्यात रेघ पुन्हा उतरते. ती काढायची जबाबदारी तेव्हापासून साऱ्या गावाने घेतली. बयनाने आपलं आंबट सोडलं, म्हणून डोमाजीच्या मुदतीचे ते सारे दिवस आम्हीही सोडतो. सूट फक्त गरोदर बाईला. झाडावरची पहिली चिंच तिच्या हातात ठेवायची, तिचं मन भरलं की उरलेली देवळात न्यायची, आणि पहिला लेप तिनेच लावायचा.

आणि बयनाच्या लेकराची लाळ गळली का? गळली म्हणे, चांगली चालायला लागेपर्यंत. म्हणून आजही पांढरघाटात तान्ह्या पोराची लाळ गळली तर कोणी नाक मुरडत नाही. आई ती बोटावर घेते, इथे येऊन नंदीच्या या सांध्याला लावते, आणि पोर कोणाच्याही घरचं असो, त्याला सांगते, "पाय, तुह्या आज्यानं घडवला."