गाडी मागे कोणी घ्यायची?

“मग मागे कोणी जायचं, बुवा? मी?”

जयवंत शिर्के शेताच्या कडेला उभा राहून ओरडत होता. पार पलीकडच्या टोकाला विश्रामबुवा वाकून भाताची रोपं उपटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बुवा! तुम्हालाच विचारतोय!”

“ऐकतोय रे,” बुवा म्हणाले. “एवढी मूठ बांधू दे.”

आज जयवंतला अनुग्रह मिळायचा होता. त्यासाठी तो कधीपासून बुवांच्या मागे लागला होता. चिपळुणात त्याचा ठेकेदारीचा मोठा धंदा. त्यानं शब्द टाकला की कामं होत. फक्त बुवांपुढे त्याचं काही चालत नसे. बुवा दर वेळी ‘बघू’ म्हणायचे, गुळाचा खडा हातावर ठेवायचे आणि वाटेला लावायचे.

मागच्या खेपेला मात्र काय मनात आलं कोण जाणे, ते आपणहून म्हणाले होते, “पौर्णिमेला सकाळी ये. काही न खाता ये.”

तेव्हापासून स्वारी हवेत होती. आज पहाटे उठून आंघोळ, नवं कोरं धोतर, उघड्या अंगावर उपरणं, आणि नुकतीच घेतलेली पांढरी गाडी. वाटेत चहासुद्धा घेतला नाही.

आणि बुवांच्या वाडीच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच समोरून कोंबड्यांचा टेम्पो आला.

तो रस्ता ज्यानं पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. दोन्ही अंगांना जांभ्या दगडांचे गडगे आणि मध्ये फार तर दीड गाडी जाईल एवढी वाट. समोरासमोर आलेल्यांना निघता यावं म्हणून अधूनमधून गडगा मागे सारून जागा केलेली. त्या जागेला तिथले लोक बगल म्हणतात. ज्याच्या पाठीशी बगल जवळ, त्यानं मागे व्हायचं, असा तिकडचा रिवाज आहे.

आज बगल जयवंतच्या पाठीशी होती. अगदी जवळ होती. टेम्पोवाल्यानं हात बाहेर काढून ती दाखवलीसुद्धा.

पण हात दाखवण्याचीही एक रीत असते, असं जयवंतला वाटलं. अनुग्रहाच्या दिवशी मागे व्हायचं? आणि कोणासाठी, तर कोंबड्यांसाठी?

त्यानं हॉर्नवर तळवा दाबून धरला. टेम्पोवाल्यानंही धरला.

जयवंतनं गाडी डावीकडच्या गडग्याला चिकटवून पुढे काढली. टेम्पोवाल्यानंही आपल्या बाजूला तेच केलं. दोघांनाही वाटलं, निघून जाऊ...

कर्रर्र!

आरसा गेला. नव्या दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा आला. टेम्पोचा दिवा फुटला. कोंबड्यांनी एकच गिल्ला केला. आणि दोघांच्या खिडक्या अशा समोरासमोर येऊन थांबल्या, की एकाला दुसऱ्याच्या तोंडची तंबाखू दिसावी.

“डोळे फुटले का रे?” जयवंत गरजला.

“बगल तुमच्याकडं हाय ना सायेब! मी काय पिंजरे घेऊन उलटा जाऊ?”

जयवंतनं खिडकीतून हात घातला, टेम्पोची चावी उपसून काढली आणि पलीकडच्या दारातून, गडग्याला पाठ घासत, धोतर सावरत बाहेर पडला. तडक शेताकडे आला. चपला गाडीतच राहिल्या.

ती चावी आता त्याच्या उजव्या मुठीत होती.

खाली रस्त्यावर टेम्पोच्या मागे एस.टी. येऊन अडकली होती. तिच्यामागे जीप, जीपमागे रिक्षा. हॉर्न, शिट्या, आरडाओरडा. सगळ्यांच्या वरताण कोंबड्या. जयवंतच्या छातीत धडधडत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या धडधडीची त्याला थोडी मजाही येत होती. चावी आपल्या हातात आहे!

“बुवा, आधी निकाल द्या,” तो ओरडला. “मग अनुग्रह. हे असं मनात घेऊन मी बसणार नाही.”

“कसला निकाल?”

“चूक कोणाची?”

बुवांनी रोपांचा भारा डोक्यावर चढवला. अंगावर एक पंचा, गुडघ्यापर्यंत चिखल. ते बांधावर आले.

“इथनं नीट ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “बांधावर ये.”

जयवंत बांधावर चढला. पावलापुढे पाऊल टाकावं एवढाच तो बांध, वरून शेवाळलेला. दोन्ही बाजूंना तुडुंब पाणी आणि त्यात नुकतीच लावलेली कोवळी रोपं. कुठेही पाय उतरवला तरी कोणाचे तरी कष्ट पायाखाली यावेत.

मधोमध दोघांची गाठ पडली.

“सांग,” बुवा म्हणाले.

जयवंतनं सांगितलं. हातवारे करून सांगितलं. टेम्पो कसा आला, हात कसा दाखवला, आरसा कसा उडाला. सांगता सांगता त्याचा पाय घसरला, सावरला, आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

“बगल तुझ्याकडं होती?”

“होती. पण प्रश्न तो नाहीच, बुवा!”

“बरं.”

भाऱ्यातून गढूळ पाणी बुवांच्या कपाळावर ठिबकत होतं...

“जाऊ दे मला,” ते म्हणाले.

जयवंत लगबगीनं मागे सरकू लागला. गुरूसाठी मागे व्हायला त्याची काडीची हरकत नव्हती, उलट त्यात त्याला पुण्यच दिसलं.

“होतो मागे, बुवा.”

“नको.”

“मग... तुम्ही होता?”

“मीही नाही.”

“आणि खाली उतरायचं तर रोपं...”

“चेंगरतील.”

जयवंतनं बांधाकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. खाली एस.टी.नं असा काही हॉर्न दिला की पाण्यातले बगळे उडाले.

“मग जायचं कसं?”

“धर मला.”

“अं?”

“दंडाला धर. दोन्ही हातांनी.”

“हातात चावी आहे, बुवा.”

बुवांनी दंड पुढे केला.

जयवंतनं इकडे तिकडे पाहिलं. धोतराला खिसा नव्हता. कनवटीला खोचावी तर सवय नसल्यानं ते आधीच सुटू सुटू करत होतं. आणि चावी बुवांकडे देण्याचा विचार... तो त्याच्या मनाला शिवलाही नाही. शेवटी त्यानं ती दातांत धरली.

बुवांचा दंड हातात आला, बारीक आणि टणक. बुवांनी त्याचे दोन्ही दंड पकडले. डोक्यावरचा भारा तसाच.

“पाय माझ्या पायाला लाव. आणि वळ. थांबू नकोस.”

“ऊं... ऊं!” जयवंत म्हणाला. चावी दातांत असताना माणूस एवढंच म्हणू शकतो.

आणि ते वळले. एकाचं अंग एका बाजूच्या पाण्यावर झुकलं, दुसऱ्याचं दुसऱ्या बाजूच्या. फुगडीतल्या बायकांसारखे ते एकमेकांच्या ओढीवर तोलले. आता पडलो, नवं धोतर गेलं, म्हातारा गेला, अनुग्रह गेला! त्यानं मिठी मारावी तसे ते दंड आवळले...

पाय बांधावर टेकले. जयवंत बुवांच्या जागी होता आणि बुवा जयवंतच्या.

त्याला हसू फुटलं. इतक्या मोठ्या माणसाला, उपाशी पोटी, दातांत चावी धरून. पोरासारखं खदखदून हसू आलं आणि ते त्याला आवरेना.

“सायेब! ओ सायेब!”

टेम्पोवाला धावत बांधावर चढला होता. दत्ताराम गोताड त्याचं नाव. गाडी आणि गडगा यांच्या फटीतून बाहेर पडताना कोपर सोललं होतं, केसांत पिसं अडकली होती. वाटेत बुवा आडवे आले, तसे दोघांनी एकमेकांचे दंड धरले, गिरकी घेतली आणि आपापल्या वाटेनं पुढे झाले. कोणी ‘हं’ देखील म्हटलं नाही. जयवंत बघतच राहिला.

आता दत्ताराम त्याच्यासमोर उभा होता. धापा टाकत होता.

“चावी द्या वो, सायेब. गाडी चालती असली की वारा लागतो त्यांना. उभी राहिली की गुदमरतात. वरच्या पिंजऱ्यात दोन माना टाकून बसल्यात. मालक मला उद्यापासनं दारात उभा करायचा नाय.”

जयवंतचं तोंड बंद होतं. वाटेत जुळवून ठेवलेल्या शिव्या सगळ्या चावीच्या मागे अडकल्या होत्या. तो राग शोधू लागला. मघाशी तर केवढा होता! तो काही सापडेना. लाज मात्र न शोधता सापडली आणि कानापर्यंत चढली.

त्यानं दोन्ही हात पुढे केले.

दत्ताराम दचकून एक पाऊल मागे सरला. त्यानं सोललेलं कोपर तोंडापुढे धरलं.

“मारू नका, सायेब.”

जयवंतनं जोरजोरात मान हलवली. ते ‘मारू नका’ त्याला फार लागलं. आयुष्यात अनेकांनी त्याला घाबरून वाट दिली होती आणि त्याला ते आवडत आलं होतं. आज आवडलं नाही. त्यानं मानेनंच बांध दाखवला, मग रस्ता, मग पुन्हा हात पसरले.

दत्तारामनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग जपून, विस्तवाला हात लावावा तसे, त्याचे दंड धरले.



“सैल सोडू नका, सायेब,” दत्ताराम पुटपुटला. “पडू.”

जयवंतनं सैल सोडले नाहीत. ते वळले. जयवंतचा पाय शेवाळावरून सटकला आणि त्याच्या सगळ्या अंगाचा भार त्या सोललेल्या कोपराच्या हातावर आला. दत्ताराम कळवळला, पण त्यानं हात सोडला नाही. ओढून त्याला बांधावर घेतलं.

आता रस्त्याच्या बाजूला जयवंत होता.

त्यानं चावी तोंडातून काढली, नव्या धोतराला स्वच्छ पुसली आणि दत्तारामच्या हातावर ठेवली.

“मी मागे घेतो,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. “बगलेत. तुम्ही फक्त मागून हात दाखवा. मला मागे घ्यायची फारशी सवय नाही.”

“दाखवतो की! चला, चला, लवकर!”

दोघंही बांधावरून पळत सुटले. धोतराचा सोगा चिखलात लोळत होता. एस.टी.तले लोक खिडक्यांतून ओरडत होते, “आले, आले!” कोणी टाळ्या वाजवल्या. दत्ताराम गडग्यावरून उडी मारून पुढे गेला.

रस्त्यालगतच्या चोंढ्यात, भाताच्या छोट्या तुकड्यात, बुवा भारा उतरवून रोपं लावायला वाकले होते. जयवंत त्यांच्यापाशी येऊन थांबला. पौर्णिमा, उपास, पहाटेची आंघोळ, सगळं त्याला एकदम आठवलं. निकाल विचारायचं मात्र तो साफ विसरला होता.

“बुवा...”

“हं.”

“तो अनुग्रह... तेवढा राहिला.”

बुवांनी हातातली मूठ सोडली आणि एक रोप चिखलात दाबलं.

“दोनदा झाला की रे,” ते बांधाकडे मान वळवत म्हणाले. “आता पळ, कोंबड्या खोळंबल्यात.”