वाघांचा राजा कुणाकडे?

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की ती जिथे घडली त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलं नाही. नावावाचून आपलं काही अडत नाही. तुम्ही आपली गोष्ट ऐका.

त्या राज्यात एक चित्रशाळा होती. मुलंमुली तिथे रंग घोटण्यापासून शिकायची, आणि शिक्षण संपत आलं की प्रत्येकाने स्वतःच्या डोक्याने एक खेळ तयार करायचा, अशी तिथली रीत होती. खेळाचे पत्ते गोल असत, तळहातावर मावतील एवढे. ते रंगवायचे, त्यांच्यासाठी लाकडी पेटी करायची आणि पेटीचं झाकणही रंगवायचं. मग राणीसाहेब स्वतः येऊन ती पेटी बघत. पसंत पडली तर दरबारी चिताऱ्याची जागा मिळे. नाही पडली तर बोचकं बांधून घरी.

आवडी नावाच्या मुलीचं ते शेवटचं वर्ष होतं. घरी जायचं म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मामाने तिला चित्रशाळेत पाठवलं होतं, पण बजावून. "जागा मिळाली तर उत्तम. नाहीतर परत यायचं आणि हे रंगांचं वेड कायमचं सोडायचं." आणि मामा बोलेल ते करणारा माणूस होता.

तेव्हा आवडीने त्या खेळात जीव ओतला. तिच्या पत्त्यांवर रानातली राज्यं होती. वाघांचं, हरणांचं, मोरांचं. प्रत्येक राज्याला राजा, प्रधान आणि प्रजा. आपला राजा लपवून ठेवायचा आणि समोरच्याचा हुडकून काढायचा, असा तो खेळ. वाघाच्या मिशा काढायला तिने खारीच्या शेपटीचा कुंचला केला होता, यावरून काय ते समजा.

पत्त्यांचे चेहरे झाले, पाठी राहिल्या. शाळेत जे जुने पत्ते होते, त्यांच्या पाठी सगळ्या एकसारख्या तांबड्या होत्या. आवडीला वाटलं, जुन्या चिताऱ्यांना शेवटी शेवटी कंटाळा आला असणार. आपण नाही बाई कंटाळा करायचा. आणि तिने प्रत्येक पत्त्याच्या पाठीवर एक फूल काढलं, एकासारखं दुसरं नाही. जास्वंद, कर्दळ, गोकर्ण, सोनटक्का.

बरोबरीच्या मुली ते पत्ते पालथे घालूनच बघत बसल्या. वाघाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आवडी सुखावली. सुखावणारच, कौतुक कुणाला नको असतं?

गुरुजी तेव्हा राजवाड्याच्या भिंती रंगवायला गेले होते, ते राणीसाहेबांबरोबरच परतणार होते. चित्रशाळेच्या ओसरीवर मात्र एक राघू राहायचा. म्हातारा, तिरसट आणि खेळाचा भारी शौकीन. त्याने सगळ्यांचं वा वा ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आवडे, बघून झालं ना सगळ्यांचं? आता एक डाव मांड."

डाव मांडला. राघू जिंकला. पुन्हा मांडला, पुन्हा जिंकला. तिसऱ्या डावात तर तो डोळा मिटून विचारही करेना, चोच पुढे केली की आवडीचा राजा बाहेर.

"राघ्या, तू लबाडी करतोस," आवडी चिडली.

"मी कशाला करू? तूच मला सगळं सांगतेस," राघू म्हणाला. "जास्वंद धरलीस की वाघांचा राजा. गोकर्ण धरलीस की मोरांचा. चेहरे तुझ्याकडे असतात गं, पाठी माझ्याकडे."

आवडीने हातातले पत्ते पालथे करून पाहिले. जुन्या चिताऱ्यांना कंटाळा आला नव्हता तर.

तिने सगळे पत्ते गोळा केले. मग हळूच म्हणाली, "राणीसाहेब नुसत्या बघतील. खेळायला त्यांना कुठे वेळ असणार?"

"मग भिंतीवर टांग की," राघू म्हणाला. "नुसतं बघायचंच असेल तर पेटी कशाला हवी?" आणि मान फिरवून पेरू खात बसला. मेला खरं बोलायचा, पण गोड काही बोलायचा नाही.

राणीसाहेब यायला थोडेच दिवस उरले होते. आवडीने शिंपला घेतला आणि फुलं खरवडायला बसली. आधी कर्दळ गेली, मग सोनटक्का. जास्वंदीपाशी हात अडला आणि तिला रडूच कोसळलं. रडत रडत तिने तीही खरवडली. सगळ्या पाठी घासून गुळगुळीत केल्या आणि लाखेचा तांबडा रंग दिला. उन्हात वाळत घातलेले पत्ते पाहिले, तर तिचे तिलाच ओळखू येईनात.

झाकण मात्र अजून कोरं होतं. तिथे तिने सगळी फुलं पुन्हा काढली, हात राखून नाही, अगदी मन भरेपर्यंत. आणि जास्वंदीच्या पानाआडून बघणारा वाघाचा एक डोळा काढला. फक्त डोळा.

राणीसाहेब येणार त्या सकाळी आवडीने आपलं बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं. नको ती वेळ आलीच तर चार लोकांसमोर बांधाबांध नको.

राणीसाहेबांनी पेटी हातात घेतली. "हा डोळा कुणाचा?" असं म्हणून झाकण उघडलं. पत्ते उलटून पाहिले. तांबडा, तांबडा, पुन्हा तांबडा. आवडीने खेळ कसा खेळायचा ते चाचरत सांगितलं. राणीसाहेबांनी प्रधानजींना समोर बसवलं आणि पत्ते वाटले.

एक डाव झाला. दुसरा झाला. वाढलेली ताटं निवून गेली. गुरुजी खांबाला टेकून उभे होते, आवडीकडे बघतही नव्हते. तिला वाटलं, संपलं सगळं. आपण इथे उभ्या आहोत हेसुद्धा कुणाच्या लक्षात नाही.

शेवटी तिला राहवेना. "राणीसाहेब, माझा निकाल काय लागला?"

राणीसाहेबांनी मान वर केली नाही. "थांब गं जरा. वाघांचा राजा प्रधानजींकडे आहे की नाही, तेच मला कळत नाहीये."

आवडी मटकन पायरीवर बसली. हसू आणि रडू तिला एकदमच आलं, आणि छातीवरचं ओझं असं काही उतरलं की किती दिवसांनी तिने पोटभर श्वास घेतला. गुरुजी जवळ आले, दाराकडे बोट करून म्हणाले, "ते बोचकं सोड आता." ओसरीवरून राघू म्हणाला, "आणि मला एक पेरू."

तर मंडळी, तात्पर्य एवढंच: आपलं कसब उठून दिसण्यापेक्षा, ज्याच्यासाठी काम केलं त्याच्या ते उपयोगी पडणं मोठं.