हंड्यातला नवरा आणि शेटजींचा आहेर

देवीची शपथ घेऊन सांगतो, ही गोष्ट खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडली! म्हणजे घडली तेव्हा आमचे पणजोबा रांगत होते, पण डोळे आमच्या घराण्यात सगळ्यांचे सारखेच.

तर निंबोडी संस्थानातल्या मल्हारी कल्हईवाल्याचा नवा संसार गळ्यापर्यंत कर्जात बुडाला होता. त्याला खरं तर लग्न करायचं होतं साधंच, घरच्या माणसांत. पण केरोबाशेट सावकार आडवे आले.

"अरे मल्ह्या, लोक काय म्हणतील? घे दोनशे रुपये, घाल जिलब्यांची पंगत!"

मल्हारीने कागदावर अंगठा उठवला. लग्नाच्या दिवशी शेटजी घरच्यांना, दारच्यांना आणि शेजाऱ्याच्या पाहुण्यांनाही घेऊन आले आणि निम्म्या जिलब्या त्यांनीच संपवल्या. कर्ज गेलं शेटजींच्या पोटात, व्याज बसलं मल्हारीच्या मानेवर!

वर्षात दोनशेचे चारशे झाले. मल्हारी आणि त्याची बायको ठकू, घरात माणसं दोन. पण कर्ज तिसरं होऊन बसलं, आणि ताटावर पहिलं तेच बसायचं.

"जिलब्या तुमच्या मामाला हव्या होत्या!"

"आणि वाजंत्री गं? ती कुणाला हवी होती?"

असं रोज चालायचं. शेटजींचा दिवाणजी वसुलीला आला, की मल्हारी कल्हईला आलेल्या एका अजस्र हंड्यात शिरून बसायचा. दिवाणजी हंड्यावर टिचकी मारून विचारायचा, "घरात कोण आहे?" आतून घुमून आवाज यायचा, "कोणी नाही!"

शेवटी प्रकरण दरबारात गेलं. महाराज हट्टी, आणि लग्नकार्यांचे भारी शौकीन.

"अंगठा तुझाच ना? मग उद्या चारशे टाक, नाहीतर बारा वर्षं केरोबांच्या गोठ्यात राहून शेण काढ! बायकोची भेट दिवाळीला."

ठकू पुढे झाली. "महाराज, सुटायची काहीच वाट नाही?"

"आहे की! केरोबांनी स्वतःच्या तोंडानं इथं सांगावं, की हे पैसे कर्जाचे नव्हतेच. कागद फाडून टाकतो! पण एक पैही न देता वदवायचं, बरं का!"

शेटजी पोट धरून हसले. "माझ्या तोंडून? महाराज, मी शिंकतानासुद्धा तोंड दाबून धरतो, काही बाहेर पडेल म्हणून!"

घरी येताच मल्हारी हंड्यात.

"अहो, बाहेर या."

"कोणी नाही!"

"बरं. मग मीच येते."

आणि ठकू आत शिरली! गुडघ्याला गुडघा, नाकाला नाक. भांडायला हात उगारावा एवढीही जागा नाही.

"चुकलंच माझं," मल्हारी म्हणाला. "अंगठा मी उठवला."

"वाजंत्री मीच मागितली होती. झालं, संपलं भांडण! आता लग्नाचा दिवस पहिल्यापासून आठवा. कोण आलं, कोण काय बोललं."

आठवत आठवत दोघं आहेर पुकारायच्या वेळेपाशी आली, आणि ठकू अशी हसत सुटली, की हंडा दोघांना घेऊन अंगणात घरंगळला.

दुसऱ्या दिवशी दरबारात ठकूने पदर खोचला.

"महाराज, कर्जाचं राहू द्या. माझं गाऱ्हाणं वेगळंच आहे. आमच्या लग्नात गावानं आहेर केला. धोंडी तेल्यानं तांब्या दिला, आंधळ्या गोदाक्कानं खण दिला. आणि हे शेटजी परातभर जिलब्या हाणून नुसते हात पुसत गेले!"

महाराजांच्या भुवया चढल्या. "आहेर न करता जेवलात? केरोबा, उठा आधी त्या गादीवरून!"

शेटजी लालबुंद झाले. "साफ खोटं! सगळ्यांत मोठा आहेर माझा! रोख दोनशे! भर मांडवात गुरवानं पुकारलाय, 'केरोबाशेटकडून नवरदेवाला दोनशे रुपये आहेर!' विचारा त्याला!"

कोपऱ्यातला गुरव उठला. "पुकारला, महाराज. शेटजींनी दोनदा पुकारायला लावला."

ठकूने डोळे मोठे केले. "अगंबाई! म्हणजे कर्जाचे दोनशे आणि आहेराचे दोनशे, असे चारशे दिलेत?"

"चारशे? मी काय वेडा आहे? दिले ते एकदाच! दोनशेच्या वर फुटकी कवडी नाही!"

"आणि ते आहेराचे?"

"आहेराचेच! देवाशपथ!"

शेटजींचा हात तोंडाकडे धावला, पण शिंक बाहेर पडून गेली होती.

महाराजांनी कागद टराटरा फाडला. शेटजी कळवळले, "पण महाराज, आहेर तरी फेडायचा असतो की नाही? रीत आहे!"

"फेडणार ना, शेटजी!" ठकू म्हणाली. "आहेर फेडतात देणाऱ्याच्या घरच्या लग्नात. तुमच्या सखारामभाऊंचं लग्न काढा, मांडवात दोनशे मोजते. गुरवाला पुकारायला लावते, तेही दोनदा!"

आता हा सखाराम म्हणजे शेटजींचा एकुलता एक मुलगा. मिशा पिकायला आल्या, तरी जिलब्यांच्या खर्चापायी बापाने त्याचं लग्न लांबवलेलं! तो मागून ताडकन उठला.

"बाबा, मग कधी काढताय?"

महाराज इतके हसले, की पगडी सुटून मांडीवर आली. राजवाड्यातल्या सगळ्या भांड्यांची कल्हई त्यांनी मल्हारीला कायमची देऊन टाकली आणि ठकूला सोन्याची पुतळ्यांची माळ.

शपथ घेतलीय म्हणून कबूल करतो, ते बक्षीस मी माझ्या पदरचं घातलं. महाराज नुसतेच हसले. राजेलोकांना हसणं स्वस्त पडतं. बाकी सगळं खरं. हंडा तर आमच्याच घरून कल्हईला गेला होता, माळ्यावर अजून आहे, एका बाजूने चेपलेला!